वीस बटणं

आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीला खिडकी एकच, आणि तिच्यात कुणी बसायचं हे पत्त्यांवर ठरतं. कामावर लागल्याच्या दुसऱ्या दिवशी मशीनवाल्या ताईंनी मला हे सांगितलं तेव्हा वाटलं, नवीन बाईची फिरकी घेताहेत. पण ते खरं निघालं. वर्षातून दोनदा, सोमवार ते शनिवार, जेवणाच्या सुट्टीत कापायच्या टेबलावर पोकर मांडला जातो. चिप्स म्हणून कोटांची जुनी बटणं. शनिवारी सुट्टी संपताना ज्याच्यापुढे सगळ्यात जास्त बटणं, तो पुढचे सहा महिने खिडकीत.

दुकान कोट-सूट दुरुस्तीचं. पुढे काउंटर, मध्ये मालकीणबाईंची काचेची केबिन, मागे आम्ही पाच जण. कापणारे मास्तर, मशीनवाल्या ताई, इस्त्रीवाला, कोटांची हातशिलाई करणारे कोटकाका आणि अर्धा दिवस काम करणारी मी, रफूवाली. रफू म्हणजे फाटलेल्या जागी एकेक धागा ओढून कापड पुन्हा विणायचं, असं की घालणाऱ्यालाही जागा सापडू नये. हात माझा चांगला आहे, हे मी स्वतःच सांगते, कारण त्या दिवसांत दुसरं कुणी सांगत नव्हतं.

झालं असं होतं की दोन महिन्यांत माझे दोन कोट परत आले. दोन्ही काळे. दुकानात बघितले तर रफू कुठे केलाय ते मलाच दिसेना. उन्हात नेले तर काळ्या कापडावर निळी जखम. ट्यूबलाइटखाली गडद निळा आणि काळा सख्खे भाऊ वाटतात, उन्हात गेले की सावत्र होतात. मी मालकीणबाईंना म्हटलं, "दोष ट्यूबचा आहे." त्या म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं. तिसरा कोट परत आला तर दुसरीकडे काम बघ."

आता दोरा मी निवडलेला नव्हता. दुकानाचा रिवाज असा, की दोरा देतो तो खिडकीत बसणारा. रिळांची लाकडी पेटी खिडकीखालीच असते. आपण कोट घेऊन जायचं, तो रीळ काढून हातात देतो. आणि खिडकीत गेली नऊ वर्षं कोटकाका. ते दर वेळी मला आधी कोटाला टाचलेली चिठ्ठी वाचायला लावत. "काय लिहिलंय, पोरी?" "काळा, काका." मग ते पेटीत हात घालून रीळ देत. मला वाटायचं, काय ही शिस्त! एवढ्या मुरलेल्या माणसाने काळा म्हणून दिला तर तो काळाच. मग चूक माझीच, कुठेतरी रीळ बदललं असणार, असं मी धरून चालले होते. पण पुढच्या वेळी दोरा माझ्या डोळ्यांनी, माझ्या उजेडात निवडायचा, हे मी ठरवून टाकलं. त्यासाठी खिडकी हवी. खिडकीसाठी बटणं हवीत.

बटणं वाटायचं काम मास्तरांचं. त्यांनी प्रत्येकाला शंभर मोजून दिली आणि मला वीस.

"अर्ध्या दिवसाची पन्नास होतात," मी म्हटलं.

"पन्नास जुन्या माणसाला. तुला चार महिने झालेत. वीससुद्धा ताई म्हणाल्या म्हणून."

इस्त्रीवाला हसला. "दोन दिवस पुरतील. तिसऱ्या दिवशी चहा आणायला माणूस लागतोच."

मला भयंकर राग आला. पण मला दोन खोडी आहेत, एक सारखं पुसत बसायची आणि दुसरी सारखं विचारत बसायची. आल्यापासून चार महिन्यांत मी दुकानातलं काही पुसायचं ठेवलं नव्हतं. बटणांच्या बरण्या, इस्त्रीचं टेबल, रिळांची पेटी, ताईंच्या मशीनचं पायडल, केबिनची काच. ताई म्हणायच्या, तुझ्या हातांना शांत बसवत नाही. आणि विचारायची खोड तर जन्माची. त्यामुळे घरी गेल्यावर राग बाजूला पडला आणि प्रश्न उरला, की वीस बटणांत शंभरवाल्यांशी खेळतात कसं?

माझी धाकटी नणंद विम्याच्या कचेरीत आहे आणि मोबाइलवर पोकर खेळते. तिला सगळं सांगितलं.

"वहिनी, वीस म्हणजे अडचण कशाला समजतेस? सोय आहे ती," ती म्हणाली.

"कुणाची?"

"तुझी. तुझ्याकडे वीस आहेत, तर कुणीही तुझ्याकडून वीसच काढू शकतो. तू एकदा 'माझी सगळी' म्हणून बटणं पुढे ढकललीस की तुझं काम संपलं. तुला आणखी टाकायला काही नाही, म्हणजे कुणी तुला दम देऊन उठवू शकत नाही. टेबलावरचे पाचही पत्ते तुला फुकट बघायला मिळणार."

"आणि बाकीचे?"

"ते एकमेकांत भांडतील ना! मोठ्या ढीगवाल्यांना एकमेकांना घाबरवायचं असतं. तू शांतपणे बघत बस. फक्त पत्ते चांगले येईपर्यंत दम धर. आणि अर्धवट काही करू नकोस. एक तर काहीच नाही, नाही तर सगळी."

ऐकायला सोपं होतं. दम धरणं हा माझा प्रांत नाही, एवढीच अडचण.

खेळ साधा आहे. प्रत्येक डावाला आधी एकेक बटण मध्ये ठेवायचं. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मग टेबलावर तीन उघडे, मग चौथा, मग पाचवा. मधे मधे बटणं वाढवत न्यायची. नको असेल त्याने पत्ते टाकून द्यायचे. शेवटी उरलेल्यांत हातातले आणि टेबलावरचे मिळून ज्याचे पत्ते भारी, त्याचा सगळा ढीग.

सोमवारी मी आठ डाव नुसती बसून राहिले. आठ बटणं गेली. दुर्री-सत्ती, तिर्री-नव्वी, असला पाचोळा येत राहिला. मास्तर म्हणाले, "रफूवाली श्वास तरी घेते का बघा रे." उरली बारा.

मंगळवारी पहिल्याच डावात दोन राजे आले. माझ्या कानापर्यंत गरम झालं. मी बाराच्या बारा पुढे सरकवली. "माझी सगळी." इस्त्रीवाल्याने हसत हसत बारा टाकली, बारा बटणांना कोण भितो! मास्तरांनीही टाकली. मग टेबलावर पत्ते उघडले आणि नणंद म्हणाली होती तसंच झालं. ते दोघे मला विसरूनच गेले. मास्तरांनी आणखी वीस वाढवली, इस्त्रीवाल्याने तोंड वाकडं करून पत्ते फेकले. उरले मास्तर आणि मी, आणि मास्तरांकडे होती नुसती नव्व्यांची जोडी. इस्त्रीवाल्याने फेकलेल्या पत्त्यांत दोन जोड्या होत्या! त्याला मास्तरांनी उठवलं, आणि जिंकले मी. बाराची अडतीस झाली.

खोटं कशाला बोलू, त्या दुपारी मला खिडकीपेक्षा हे कोडंच जास्त आवडलं. माझ्याहून भारी पत्ते असलेल्या माणसाला तिसराच माणूस माझ्यासाठी हाकलून देतो, आणि तेही स्वतःच्या खर्चाने. मी कोट शिवता शिवता एकटीच हसत होते.

बुधवारी माज नडला. गुलाम आणि अठ्ठी आली, म्हणजे धड काहीच नाही. पण आदल्या दिवसाची हवा डोक्यात होती. मी पंधरा टाकली, सगळी नाही. टेबलावर एक गुलाम आला, जरा बरं वाटलं, तेवढ्यात ताईंनी एकदम चाळीस सरकवली आणि माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. मी घाबरले, पत्ते टाकले. पंधरा गेली ती गेलीच. ताईंनी पत्ते दाखवले तर राणी आणि पंजी, जोडीसुद्धा नाही!

"ताई!"

"अगं, तू मागे हटायला जागा ठेवलीस, म्हणून मी ढकललं," ताई म्हणाल्या. "एक ना धड, भाराभर चिंध्या."

हा धडा मी गाठीशी बांधला. गुरुवारी मी एकही डाव खेळले नाही, दोनदा चहा मात्र करून आणला. शुक्रवारी एक्का-राजा आले तेव्हा दात-ओठ खाऊन सगळी टाकली. तिघे आले, आणि शेवटचा पत्ता एक्का पडला. त्या डावात ताई संपल्या. पाठोपाठ एक-दोन लहान डावही मला मिळाले. शनिवारी टेबलावर बसले तेव्हा माझ्यापुढे पंच्याण्णव बटणं होती आणि चहाचं कुणी काही बोलत नव्हतं.

कोटकाका सगळा आठवडा एकाच चालीने खेळत होते. थोडं, सरळ, सावकाश. पत्ते हातात आले की ते नाकाजवळ नेऊन बघत आणि लगेच टेबलावर पालथे ठेवत. दुकानातल्या बावीस वर्षांत त्यांनी एकदाही लबाडीची चाल केली नाही, असं मास्तर शपथेवर सांगायचे. काका वाढवतात म्हणजे काकांकडे पत्ते आहेत. म्हणून तर ते दर वेळी जिंकत. ते वाढवायचे आणि बाकीचे मुकाट्याने उठायचे.

शनिवारी सुट्टी संपायला पाच मिनिटं होती. काकांकडे साधारण एकशे साठ, मास्तरांकडे एकशे चाळीस, माझ्याकडे नव्वद. शेवटचा डाव. मला दोन राण्या आल्या.

मी इकडे तिकडे बघितलं. हरले तर खिडकी गेली. मग पुढच्या काळ्या कोटाला पुन्हा कुणी तरी दिलेला दोरा, पुन्हा ट्यूब, आणि कदाचित शेवटचा पगार. पत्ते टाकून दिले तरी खिडकी काकांकडेच. "माझी सगळी," मी म्हटलं, आणि नव्वदच्या नव्वद पुढे सरकवली.

इस्त्रीवाला उठला. मास्तरांनी नव्वद टाकली. काकांनी पत्ते नाकाशी नेले, जरा थांबले आणि नव्वद टाकली.

टेबलावर तीन पत्ते आले, इस्पिक दश्शी, इस्पिक सत्ती, बदाम तिर्री. मास्तरांची पाठ ताठ झाली. चौथा आला चौकट चौकी. पाचवा इस्पिक दुर्री. काकांनी उरलेली सगळी बटणं दोन्ही हातांनी पुढे केली.

मास्तर कितीतरी वेळ त्या तीन इस्पिकांकडे बघत राहिले. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "काका, तुम्ही म्हणजे..." असं म्हणत त्यांनी पत्ते उताणे फेकले. दोन दश्श्या! टेबलावरची धरून तीन. माझ्या राण्यांचा त्यांनी सहज चुराडा केला असता. पण काका खोटं खेळत नाहीत, मग काकांकडे पाच इस्पिक असणारच, आणि पाच इस्पिक तीन दश्श्यांना भारी, असा त्यांचा हिशेब.

"इस्पिक. पाच," काका म्हणाले आणि आपले दोन पत्ते मांडले. मग ढीग ओढायला हात पुढे केला.

एक पत्ता इस्पिक राजा होता. दुसरा किलवर नव्वी.

सगळ्यांनी बघितलं. काका बटणं गोळा करत होते. त्या क्षणी माझ्या मनात कसलीही दया नव्हती, होती ती फक्त खिडकी.

"काका, तो किलवर आहे," मी म्हटलं.

काकांचे हात थांबले. त्यांनी पत्ता उचलला, नाकाशी नेला, मग खिडकीकडे करून धरला. बराच वेळ धरला. मग हळूच खाली ठेवला.

"हो का," ते म्हणाले. "मग राण्या जिंकल्या."

त्यांनी बटणं माझ्याकडे ढकलली. त्याच दुपारी त्यांनी आपली कात्री, शिवणाची अंगठी, मेणाचा तुकडा, सुयांची उशी असं सगळं एका टोपलीत भरलं आणि ते ट्यूबखालच्या जागेवर जाऊन बसले. ताई जाता जाता म्हणाल्या, "मोतीबिंदू असेल. झाकली मूठ होती बिचाऱ्याची." मला म्हणावंसं वाटलं, मग माझे दोन कोट कुणी बिघडवले? आता सगळं उलगडलं होतं. ज्याला दिसत नाही अशा माणसाने दिलेला दोरा मी देवावर ठेवावा तसा विश्वास ठेवून वापरत होते, आणि बोलणी खात होते. रविवारभर मी नणंदेला हेच सांगत बसले. ती म्हणाली, "बरं झालं ना मग, सुटलीस."

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी आले आणि खिडकीत बसले. केवढा तो उजेड! कोटाचा प्रत्येक धागा वेगळा दिसत होता. एका काळ्या कोटाचा खिसा उसवला होता. मी कौतुकाने पेटी ओढली. पेटीत तीन ओळी, ओळीत आठ कप्पे, आणि कप्प्याच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं पुसट झालेलं. वाकून वाचलं, तिसरा कप्पा, 'काळा'. त्यातलं रीळ काढलं आणि उजेडात धरलं.

गडद निळं होतं.

दुसरं काढलं, तेही निळं. कप्प्यातली सहाच्या सहा निळी. शेजारचा कप्पा 'निळा', त्यात सहा काळी. मी मनात म्हटलं, बघा, काकांनी कसा गोंधळ करून ठेवलाय. मग वाटलं, पण एखादं रीळ चुकीचं पडणं वेगळं. पूर्ण कप्पाच्या कप्पा इकडचा तिकडे कोण करेल? ज्याने सगळी पेटी एकदा रिकामी केली असेल, तोच.

कामावर लागल्यावर पुढच्याच महिन्यात, काका लवकर गेले होते त्या संध्याकाळी मी पेटी रिकामी केली होती. ओल्या फडक्याने कप्पे पुसले होते, अक्षरं त्यानेच पुसट झाली होती. आणि रिळं परत लावली होती, ट्यूबच्या उजेडात, अंदाजाने. नऊ वर्षांत काकांचा एक कोट परत आला नव्हता. त्यांना दिसत नव्हतं तेव्हाही नाही. चिठ्ठी दुसऱ्याकडून वाचून घ्यायची आणि कप्पा मोजून रीळ काढायचं, एवढं त्यांना पुरत होतं. ते मी मोडलं होतं. बाकीच्यांची शिवण अस्तरात दडते, म्हणून उघडे पडले ते माझेच कोट. कुणी न सांगता.

तेवढ्यात केबिनमधून आवाज आला. काका आत होते. काचेतून ते उभे दिसत होते, टोपी हातात.

"त्या दोन कोटांचा दोरा मी दिला होता, बाई. पोरीचा दोष नाही. मला आता दिसत नाही, आणि हातही चुकायला लागलाय."

मालकीणबाई म्हणाल्या, "मग काका, घरीच बसलेलं बरं. शनिवारपर्यंत हातातलं पुरं करा."

मला एवढंच करायचं होतं, की बारा रिळं इकडची तिकडे लावायची. दोन मिनिटांचं काम. खिडकी माझी, नोकरी माझी, कोटांचा ठपका दुसऱ्याच्या माथी, तोही त्याने स्वतः घेतलेला. मी तीन रिळं बदललीसुद्धा. चौथं हातात होतं तेव्हा मला स्वतःची किळस आली.

अर्ध्यात थांबून कधी कुणाचं भलं झालंय? मी एक काळं आणि एक निळं रीळ घेतलं, केबिनचं दार न वाजवताच आत गेले आणि दोन्ही बाईंच्या पुढे टेबलावर ठेवली.

"काकांचा हात नाही चुकला," मी म्हटलं. "पेटी मी पुसली होती. काळी रिळं निळ्यात मी टाकली. चूक माझी आहे, आधीपासून माझीच आहे. काय करायचं ते माझं करा."

मग मला रडू आलं. बाईंनी रिळं उचलली, उठून पुढच्या दारात, उन्हात नेऊन बघितली आणि परत आल्या. माझ्याकडे अशा बघत होत्या की मला वाटलं, झालं.

"तुला पुसायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"यापुढे या दुकानात तू काच सोडून काही पुसायचं नाहीस." त्यांनी रिळं माझ्या हातात कोंबली. "आणि काका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे उद्याच्या उद्या. आता दोघं जा आणि ती पेटी नीट लावा. काळा कोट मला चारला हवाय."

खिडकीत माझ्या खुर्चीशेजारी काकांनी स्टूल ओढून घेतलं. मी सगळी रिळं बाहेर काढली. मी रंग सांगायचा आणि त्यांनी कप्पा मोजून रीळ ठेवायचं, असं चाललं होतं. "काळा," मी म्हटलं. त्यांची बोटं कप्प्यांच्या कडांवरून सरकत गेली. एक, दोन, तीन. तिथे ती थांबली.

"काका, मी चुकले. त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले तेही."

"किलवर होता तो, किलवरच म्हणणार ना तू," ते म्हणाले. रीळ कप्प्यात बसवून त्यांनी ते दोनदा चाचपलं. मग म्हणाले, "डोळ्यांचं मला ठाऊकच होतं, पोरी. पण दोन महिने मला वाटत होतं, की आता हातही गेले."